मावळातील पाऊस आणि घराची पन्हळ

पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून लोहमार्गाने सुमारे ६४ किलोमीटर अंतरावर असलेल्या लोणावळ्यात हेच प्रमाण ४,००० मिलिमीटरच्या पलीकडे जाते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीचा उभा कडा चढताना थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिते होतात. तेथून पूर्वेस कामशेत, वडगाव, तळेगाव या बाजूस जावे, तसतसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. एकाच तालुक्यात पावसाचे इतके निराळे मान असल्याने मावळातील घरबांधणीचा विचार एकाच मोजपट्टीने करता येत नाही.

घाटमाथ्यावरील या पाण्याचे मोल उद्योगधंद्यांनी फार पूर्वी ओळखले. लोणावळा, वळवण व शिरवटा या तलावांत अडविलेले पाणी बोरघाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू झाली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. जे पाणी यंत्राची चाके फिरविते, तेच पाणी त्याच दिवशी मावळातील प्रत्येक घराच्या, शाळेच्या आणि चावडीच्या छपरावरही पडत असते. धरणाच्या भिंतीवर देखरेख ठेवण्यास अभियंते असतात. छपरावरच्या पाण्याची वाट राखण्याचे काम मात्र पन्हळीसारख्या एका साध्या वस्तूवर सोपविलेले असते, आणि तिच्याकडे बहुधा कोणाचेच लक्ष नसते. पन्हळ गळू लागली म्हणजे प्रथम दुर्लक्ष होते, मग तिच्याखाली बादली ठेवली जाते, आणि भिंत फुगून आली की धावपळ सुरू होते. वस्तुतः गळतीची कारणे मोजकी आहेत व त्यांपैकी बहुतेकांवरील उपाय गावातल्या गावात होण्यासारखे आहेत.

पाण्याचा हिशेब

पन्हळीवर किती भार येतो याची कल्पना असल्याखेरीज तिची निगा का राखावयाची, हे पटत नाही. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी जमते. दोन खोल्यांच्या शाळेचे एका बाजूचे पाखे जमिनीवरील मापाने १० मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे, असे समजू. क्षेत्रफळ ४० चौरस मीटर झाले. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाल्यास त्या एका पाख्यावरून ४,००० लिटर पाणी खाली येते. हवामान खात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढच्या पावसास ‘जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरहून अधिक पावसास ‘अति प्रचंड’ अशा वर्गात धरतात. लोणावळ्याच्या परिसरात पहिल्या प्रकारचे दिवस आषाढ-श्रावणात नित्याचे, तर दुसऱ्या प्रकारचेही अनोळखी नाहीत. साऱ्या हंगामाचे ४,००० मिलिमीटर धरले, तर याच पाख्यावरून १,६०,००० लिटर पाणी पन्हळीतून जाते. दहा हजार लिटरचे सोळा टँकर भरतील, इतके हे पाणी आहे.

दिवसाच्या एकूण पावसापेक्षाही सरीचा जोर अधिक महत्त्वाचा. ताशी १०० मिलिमीटर या वेगाने सर कोसळली, तर वरील पाख्यावरून दर मिनिटास सुमारे ६७ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या जवळजवळ साडेचार बादल्या पाणी येते. पन्हळ तुंबली असेल तर हे पाणी तिच्यात साचते. १५ सेंटीमीटर रुंदीची अर्धगोल पन्हळ काठोकाठ भरली म्हणजे दर मीटरला पावणेनऊ लिटरच्या आसपास पाणी राहते. दहा मीटर लांबीत सुमारे ८८ किलोग्रॅम वजन झाले. एका मोठ्या माणसाहूनही अधिक असा हा भार गंजलेल्या चार खिळ्यांवर लोंबकळत असतो.

पागोळ्यांपासून पन्हळीपर्यंत

मावळातील जुन्या घरांना पन्हळी नसत. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत दगडमातीच्या भिंती किंवा कारवीचे लिंपलेले कुड, वर उतरते छप्पर आणि भिंतीच्या बऱ्याच पुढे आलेली वळचण अशी घराची ठेवण असे. पागोळ्या ओट्याच्याही पलीकडे पडत, तेथे दगड मांडून चर काढलेला असे व पाणी खाचराकडे निघून जाई. ही रचना शहाणपणाची होती. तिला सांधा नव्हता, म्हणून सांध्यातून गळतीही नव्हती.

१८६३ मध्ये बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर लोणावळा-खंडाळ्यास हवापालटाची ठिकाणे म्हणून महत्त्व आले व निराळ्या धर्तीचे बंगले उभे राहिले. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला होता. त्या प्रकारची सपाट, खाचेची कौले पुढे सर्वत्र पसरली. मागोमाग जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आले. वस्ती दाट झाली, घरे एकमेकांना खेटली, वळचणी आखूड झाल्या, सिमेंटचे अंगण दारापर्यंत आले. पागोळ्या मोकळ्या सोडण्यास जागा उरली नाही आणि पन्हळ ही गरजेची वस्तू बनली. तिच्याबरोबर येणारी देखभालीची सवय मात्र तितक्याच वेगाने रुजली नाही.

गळतीने काय जाते

पन्हळीतून पडणारी धार दिसायला बारीक असते. ती एकाच ठिकाणी चार महिने पडत राहते, हेच तिच्यातील अनिष्ट होय. मातीत बांधलेल्या भिंतीत ओल मुरली म्हणजे भिंतीची भार पेलण्याची शक्ती घटते. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल तर आत शिरलेली ओल बाहेरही पडत नाही. गिलाव्यावर फुगवटा दिसेपर्यंत आतील माती सैल झालेली असते. जोत्याच्या एकाच कोपऱ्याशी पाणी मुरत राहिले, तर तेवढाच भाग खचतो व भिंतीस तिरपी चीर पडते. वाशांची टोके कुजतात. भिंतीतून विजेच्या तारा गेल्या असतील तर ओल्या भिंतीस हात लावणेही धोक्याचे ठरते.

सार्वजनिक इमारतींत आणखी एक हानी संभवते. ती रुपयांत मोजता येत नाही. शाळेची सर्वसाधारण नोंदवही, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यूची नोंदपुस्तके, मिळकतींच्या आकारणीचा नमुना ८ ही कागदपत्रे बहुधा भिंतीलगतच्या कपाटात असतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ एखाद्या कुटुंबास जन्मतारखेचा किंवा जातीचा एकमेव लेखी पुरावा असू शकते. कपाटामागील भिंत ओली झाली आणि ती ओळ पुसली गेली, तर नवी पन्हळ बसवून ती परत मिळत नाही. पोषण आहाराच्या तांदळाची कोठी, अंगणवाडीची शिधासामग्री, घरोघरी भाताच्या कणग्या यांचीही हीच गोष्ट.

तुंबलेल्या पन्हळीत साचणारे पाणी आरोग्यासही बाधक होय. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ, स्थिर पाण्यात अंडी घालतो व सुमारे आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणारे घर अंगणातील पिंपे रिकामी करते, परंतु डोक्यावरची पन्हळ विसरते.

गळती शोधावी कशी

पाणी जेथे ठिबकते तेथेच भोक असते, असा समज आहे. तो बहुधा चुकीचा ठरतो. पाणी पन्हळीच्या तळाला चिकटून पुढे सरकते आणि एखाद्या आकड्याशी किंवा कडेशी अडून तेथे खाली पडते. यासाठी शोध क्रमाने घ्यावा.

प्रथम पन्हळ कोरडी असताना पालापाचोळा काढून ती झाडून घ्यावी. नंतर खालून आकाशाकडे पाहावे. बारीक छिद्रांतून उजेडाचे ठिपके दिसतात. त्याभोवती खडूने किंवा गेरूने खूण करावी. त्यानंतर पाण्याने पारख करावी. खाली उतरणाऱ्या नळाचे तोंड कापडाच्या बोळ्याने बंद करून पन्हळीच्या खालच्या टोकाकडून बादलीने सावकाश पाणी ओतावे. पाणी जसजसे मागे चढेल, तसतसा एकेक सांधा तपासला जातो. वरच्या टोकाकडून एकदम पाणी ओतल्यास सारे सांधे एकाच वेळी भिजतात आणि दोष कोणाचा ते कळत नाही. मे महिन्यात पाण्याची टंचाई असली, तरी दोन-तीन बादल्यांत हे काम होते. शेवटी बोळा काढून पाणी किती वेगाने निघून जाते व कोठे साचून राहते, तेही पाहावे.

गळतीची सहा कारणे

पहिले कारण तुंबणे. लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांभोवती व मावळातील परसांत जांभूळ, आंबा यांसारखी मोठी झाडे आहेत. त्यांची पाने, कौलांचे तुकडे, शेवाळ व धूळ यांचा लगदा नळाच्या तोंडाशी बसतो. मग पाणी मागच्या काठावरून भिंतीकडे ओसंडते. घरमालक त्यास गळती समजून सांध्यांवर डांबर थापतो, आणि पन्हळ मुळात धडधाकट असते. लोणावळ्याकडे माकडांच्या उड्यांनी फुटलेली व सरकलेली कौले ही यात भर घालतात.

दुसरे कारण ढाळ बिघडणे. पन्हळीस दर ३ मीटर लांबीस दीड ते अडीच सेंटीमीटर ढाळ असावा. ढाळ कमी असेल तर पाणी मध्येच साचते, गाळ बसतो आणि तेथेच पत्रा गंजतो. ढाळ प्रमाणाबाहेर दिला तर वरच्या टोकाशी कौलांची कड व पन्हळ यांत अंतर पडते. ढाळ नजरेने ठरवू नये. दोन्ही टोकांस सुतळी ताणून पाणसळीने किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तो तपासावा.

तिसरे कारण सांधा. पत्र्याच्या पन्हळीत वरच्या बाजूचा तुकडा नेहमी खालच्या बाजूच्या तुकड्याच्या आत, १० ते १५ सेंटीमीटर चढवून बसवावा. घाईत हा क्रम उलटा झाला म्हणजे वाहते पाणी थेट सांध्याच्या तोंडात शिरते, आणि कितीही लेप लावला तरी ते थांबत नाही. प्लॅस्टिकच्या पन्हळीत दोष निराळा असतो. हे साहित्य उष्णतेने पुष्कळ प्रसरण पावते. तापमानात ३० अंशांचा फरक पडल्यास ६ मीटर लांबीची प्लॅस्टिकची पन्हळ ११ ते १२ मिलिमीटर लांबते-आखडते. तितक्याच लांबीचा लोखंडी पत्रा जेमतेम २ मिलिमीटर सरकतो. सांध्यात मोकळी जागा न ठेवता तुकडे घट्ट भिडविले, तर उन्हाळ्यात पन्हळ कमानीसारखी वाकते किंवा तडकते आणि थंडीत सांधा उघडा पडतो.

चौथे कारण गंज. जस्ताचा थर शाबूत असेपर्यंत लोखंड सुरक्षित राहते. ओला पाला वर्षानुवर्षे पडून राहिला, ओढाताणीत थर खरवडला गेला किंवा पत्रा कापल्यावर उघड्या कडेस रंग दिला नाही, की गंज सुरू होतो. गळक्या जागी सिमेंट थापण्याचा प्रघात बराच आहे, परंतु तो हानिकारक होय. ओले सिमेंट जस्ताला व अॅल्युमिनिअमला खाते, गुळगुळीत पत्र्यास नीट धरत नाही, आणि सुकल्यावर त्याच्या व पत्र्याच्या मधल्या फटीत पाणी कोंडून राहते.

पाचवे कारण आधार सुटणे. पन्हळीचे लोखंडी आकडे ६० ते ९० सेंटीमीटर अंतरावर असावेत. जोराच्या पावसाच्या भागात कमी अंतर पत्करावे. आकडा पक्का असूनही वाशाचे टोक किंवा पुढची फळी कुजलेली असेल, तर खिळा धरत नाही. पन्हळ पुढे झुकते, ढाळ बिघडतो, सांधे ताणले जातात. एका दोषातून तीन दोष निर्माण होतात ते असे.

सहावे कारण कौले आणि पन्हळ यांची गाठ चुकणे. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही’ अशी म्हण आहे. घाटमाथ्यावरील वारा ती म्हण प्रसंगी खोटी ठरवितो. कौलाची कड आखूड पडली असेल, तर पाणी कडेच्या खालच्या अंगास चिकटून मागे वळते, वाऱ्याच्या झोताने रिपांवर चढते आणि घरात उतरते. कड फार पुढे आली असेल, तर जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडून पलीकडे पडते. कौलाची कड पन्हळीच्या रुंदीच्या साधारण एक-तृतीयांश आत आलेली असावी. कौले सरकविणे शक्य नसल्यास त्यांच्याखालून पत्र्याची वाकविलेली पट्टी काढून तिचे टोक पन्हळीत सोडावे.

दोन पाखी जेथे कोनात मिळतात, तेथील पन्हळ या सर्वांत अधिक त्रासदायक असते. जुन्या घरास नवी खोली जोडताना ती हमखास निर्माण होते. तेथे दोन्ही छपरांचे पाणी एकत्र येते. मधला पत्रा अरुंद असेल तर पाणी कौलांखाली शिरते. हा पत्रा दोन्ही बाजूंस कौलांच्या खाली निदान १५ सेंटीमीटर गेलेला असावा व मधली वाट उघडी ठेवावी. कौलांच्या कडा एकमेकींना भिडवून ती झाकल्यास पाला अडकतो.

खाली उतरणारा नळ

पन्हळ चांगली असूनही नळ अपुरा असेल तर ती ओसंडणारच. बांधकामातील प्रचलित कोष्टकांनुसार ताशी १०० मिलिमीटर पावसास ७५ मिलिमीटर व्यासाचा नळ सुमारे २० चौरस मीटर छपरास पुरतो व १०० मिलिमीटर व्यासाचा नळ ४० चौरस मीटरहून थोड्या अधिक छपरास पुरतो. म्हणजे वर उल्लेखिलेल्या शाळेच्या एका पाख्यास १०० मिलिमीटर व्यासाचा एक किंवा ७५ मिलिमीटरचे दोन नळ हवेत. पुण्याकडील घरास चालणारा नळ लोणावळ्यात तसाच बसविला तर तो कमी पडणे स्वाभाविक आहे. नळाच्या तोंडावर जाळी असावी. ती सपाट नसावी, घुमटासारखी वर आलेली असावी. सपाट जाळी चार पानांनी झाकली जाते. नळाचे खालचे टोक जोत्याशी न सोडता दगडी किंवा फरशीच्या पाटातून पाणी भिंतीपासून दूर न्यावे.

दुरुस्तीची रीत

दुरुस्ती कोणतीही असो, जागा स्वच्छ व कोरडी करणे ही पहिली अट. तारेच्या ब्रशाने व काचकागदाने गंज घासून धातू उघडा करावा. ओल्या किंवा गंजक्या पृष्ठभागावर लावलेला कोणताही लेप एका पावसातच सुटतो.

बारीक छिद्रे असल्यास जस्ती पत्र्यावर डाखकाम करावे. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. कारागीर लवकर मिळत नसेल तर छिद्रावर डांबराचा लेप, त्यावर तागाचे विणीचे कापड व पुन्हा डांबर असा थर द्यावा. हा उपाय एका हंगामापुरता आहे, हे विसरू नये.

भोक मोठे असल्यास त्याच धातूच्या पत्र्याचे ठिगळ लावावे. ठिगळ गंजलेल्या भागाच्या पलीकडे चहूबाजूंनी निदान ५ सेंटीमीटर जावे. दोन्ही पत्र्यांमध्ये सिलिकॉनसारखा लवचीक लेप भरून सुमारे अडीच सेंटीमीटर अंतराने रिव्हेट मारावेत आणि कडांना गंजरोधक रंग द्यावा. ठिगळ पन्हळीच्या आतील अंगास बसवावे. बाहेरून लावलेल्या ठिगळाआड पाणी साचते. अॅल्युमिनिअमच्या पन्हळीस लोखंडी खिळे वा पत्रा जोडू नये, कारण दोन निराळे धातू ओलाव्यात भिडले म्हणजे त्यांपैकी एक लवकर झिजतो. एकाच तुकड्यावर तीन-चार ठिगळे झाली असतील तर तो तुकडा बदलणेच काटकसरीचे.

प्लॅस्टिकच्या पन्हळीचा सांधा गळत असल्यास जोडतुकडा काढून त्यातील रबरी पट्टी पाहावी. ती कडक झालेली असते किंवा तिच्याखाली माती अडकलेली असते. पट्टी धुऊन किंवा बदलून, तुकड्यांच्या टोकांत प्रसरणासाठी सुमारे एक सेंटीमीटर जागा सोडून सांधा पुन्हा बसवावा. तडकलेला तुकडा चिकटवीत बसण्यापेक्षा बदलावा.

जुन्या इमारतींवर अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे व पन्हळी आढळतात. त्या घासू, कापू किंवा फोडू नयेत. त्यांतून उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत जाऊन दीर्घकाळाने गंभीर विकार जडतात. अशी पन्हळ तडकली असेल तर ती पाण्याने भिजवून, न तोडता अखंड उतरवावी व तिच्या जागी दुसऱ्या साहित्याची पन्हळ बसवावी. शाळेच्या इमारतीत हे काम मुले नसतानाच करावे.

डोंगरावरील वाड्यांत आजही मोठा बांबू मधोमध चिरून, आतील पेरे काढून पन्हळ केली जाते. ती एक-दोन हंगाम टिकते, परंतु खर्च नाममात्र आणि सांधा वरून खाली चढविण्याची रीत तीच. तात्पुरत्या सोयीसाठी तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

जिवापेक्षा पन्हळ मोठी नाही

दुरुस्तीच्या कामातील अपघात बहुधा उंचीवरून पडण्याचे असतात. शिडी चार मीटर उंच टेकत असेल तर तिचा पाया भिंतीपासून एक मीटर दूर असावा आणि खाली एकाने ती धरून ठेवावी. कौलांच्या किंवा सिमेंटच्या पत्र्यांच्या मधोमध पाय देऊ नये. फळी आडवी टाकून तिच्यावरून चालावे. शेवाळलेल्या छपरावर पावसात चढणे म्हणजे संकट ओढवून घेणे होय. वळचणीत गांधील माश्यांची पोळी, विंचू वा साप असू शकतात, म्हणून पन्हळीत उघडा हात घालू नये. विजेची तार जवळून गेली असेल तर धातूची शिडी वापरू नये. मुलांकडून हे काम कधीही करवू नये.

काम केव्हा करावे

शाकारणीचा जुना रिवाज येथे मार्गदर्शक आहे. रोहिणी नक्षत्र मे महिन्याच्या अखेरीस लागते व मृग जूनच्या ७-८ तारखेस. त्यापूर्वी छपरावरचे सर्व काम संपलेले असावे. पहिल्या दोन-तीन सरींनंतर, वाळलेला पाला वाहून आल्यावर, पन्हळ दुसऱ्यांदा साफ करावी. आषाढ-श्रावणात पावसाने उघडीप दिली की जाळ्या पाहाव्यात. घटस्थापनेच्या सुमारास पाऊस ओसरल्यावर चौथी पाहणी करून आढळलेले दोष लिहून ठेवावेत. पाणी कोठे गळत होते हे पावसाळ्याच्या शेवटी जितके स्पष्ट आठवते, तितके पुढच्या मे महिन्यात आठवत नाही.

शाळांच्या बाबतीत एक अडचण आहे. पन्हळीच्या तपासणीचे खरे आठवडे उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात आणि शाळा उघडते ती जूनच्या मध्यास, मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर. म्हणून सुट्टी लागण्यापूर्वीच मुख्याध्यापकांनी व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसह इमारतीस फेरी मारावी, दोषांची यादी करून ग्रामपंचायतीस द्यावी आणि दप्तराची कपाटे बाहेरील भिंतीपासून व कोनातील पन्हळीपासून दूर हलवावीत. कपाट हलविण्यास निधी लागत नाही.

वाहून जाणारे पाणी

पन्हळीचा विचार केवळ गळतीपुरता ठेवणे योग्य होणार नाही. आषाढात ज्या वाड्यांवर पावसाची झड थांबत नाही, त्यांपैकी अनेक डोंगरवाड्यांत चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. कातळ पाणी धरून ठेवीत नाही व उतारावरून ते खोऱ्यात निघून जाते. या अडचणीवरचा उपाय याच मावळात दोन हजार वर्षांपूर्वी योजलेला दिसतो. कार्ले, भाजे व बेडसे येथील लेण्यांत वस्ती करणाऱ्या भिक्षूंसाठी कातळात पाण्याच्या पोढी खोदल्या आहेत. लोहगड व विसापूर या किल्ल्यांवरही टाकी आहेत. माथ्यावरचे पाणी माथ्यावरच साठविण्याची ती व्यवस्था होती.

घराची चांगली पन्हळ तेच काम लहान प्रमाणावर करू शकते. दहा हजार लिटरची टाकी वर सांगितलेल्या पाख्याखाली अवघ्या २५० मिलिमीटर पावसात भरते. लोणावळ्याकडे तेवढा पाऊस थोड्या दिवसांत होतो. पिण्यासाठी पाणी साठवावयाचे असेल तर काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडावे. टाकीच्या तोंडाशी जाळी व वर घट्ट झाकण असावे. पन्हळीत डांबराचा लेप किंवा शिसेमिश्रित डाख वापरलेला नसावा, तसेच अॅस्बेस्टॉसचे छप्परही नसावे. आणि पाणी उकळून किंवा क्लोरिन मिसळूनच प्यावे.

शिक्षकांना यात एक उत्तम पाठही सापडेल. सरळ उभ्या कडांचा डबा मोकळ्या जागी ठेवून मुलांनी रोजचा पाऊस पट्टीने मोजावा, शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ काढावे आणि दोहोंचा गुणाकार फळ्यावर मांडावा. गुणाकार, क्षेत्रफळ, दशांश आणि गावचा भूगोल एकाच उदाहरणात येतात, आणि उत्तराचा पडताळा पन्हळीखालच्या बादलीत पाहता येतो.

सारांश

ग्रामपंचायतीच्या कारभारात पन्हळीची दुरुस्ती ही बाब लहान म्हणून मागे पडते. शेजाऱ्याच्या पन्हळीचे पाणी आपल्या भिंतीवर पडते, अशी तक्रार आली की मात्र तीच बाब दोन कुटुंबांतील वैराचे कारण होते. अशा प्रसंगी सदस्यांनी दोघांना सोबत घेऊन ढाळ आणि नळाचे तोंड प्रत्यक्ष पाहावे. बहुतेक वेळा नळाचे टोक दीड-दोन मीटर वळविल्याने वाद मिटतो.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेत गावातील शाळा, अंगणवाडी, चावडी व समाजमंदिर यांच्या छपरांचा आढावा घेण्याची प्रथा पाडल्यास मोठा खर्च टळेल. प्रत्येक इमारतीसाठी वहीचे एक पान पुरेसे आहे : पन्हळीची लांबी, नळ किती, शेवटची सफाई केव्हा, गळती कोठे, आणि ते काम कोणी अंगावर घेतले. यांपैकी शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. ज्या कामापुढे नाव लिहिलेले नसते, ते काम मृगाच्या पहिल्या सरीपर्यंत तसेच राहते. मावळात पाऊस सहसा चुकत नाही. त्याच्या पाण्याला वाट देणे मात्र माणसाच्या हाती आहे.